राग राहतो नाशकात

इगतपुरीहून परतलो, त्याच्या तिसऱ्या संध्याकाळची गोष्ट. कंपनीची बस पाथर्डी फाट्याला सोडते, तिथून घर चालत सात-आठ मिनिटं. गल्लीच्या तोंडाशीच आवाज कानावर आला. आमची वरची टाकी भरून वाहत होती आणि पाणी शेजाऱ्यांच्या पार्किंगच्या पत्र्यावर पडत होतं. थेंब थेंब नव्हे, सलग. लांबच्या मिरवणुकीतला ताशा ऐकू यावा तसं. दहा दिवस मौनात काढून आलो होतो, आल्यावर दोन दिवस सगळ्यांशी साखर पेरल्यासारखं बोललो होतो. फाटक ढकललं, बूट न काढता आत गेलो, मोटारीचं बटण बंद केलं आणि हातातला जेवणाचा डबा ओट्यावर असा आपटला, की आतली वाटी झाकणासकट उडून सिंकमध्ये पडली.

"एक काम सांगितलं तर..."

पुढचं वाक्य प्रत्येक घरात ठरलेलं असतं. आमच्याकडेही आहे. ते मी पूर्ण केलं. त्याला जोडून बारावीचे मार्क काढले, मोबाईल काढला, आणि पाण्याशी काडीचाही संबंध नसलेली दोन वर्षांपूर्वीची सायकल काढली. मुलगा जिन्यात उभा होता. "पप्पा, दोन मिनिटं झाली असतील फक्त," एवढंच म्हणाला आणि वर गेला. बायको कणीक मळत होती, तिने हात थांबवले नाहीत. सगळं निवल्यावर म्हणाली, "दहा दिवस पुरले नाहीत म्हणायचे. वीस दिवसांचं असतं का हो तिथे?"

असतं. पण ते मी तेव्हा तिला सांगितलं नाही.

मी अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. गाड्यांचे सुटे भाग. बावीस वर्षं व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि नापास मालाचा लाल बिन यांच्यात गेली. कंपनीत माझा आवाज चढल्याचं कुणी सांगणार नाही. रिजेक्शनचा ढीग पडला तरी मी ऑपरेटरला फक्त जॉब, म्हणजे तो बिघडलेला पीस, दाखवतो आणि विचारतो, कुठून सुरू झालं? हाच माणूस घरी डबे आपटतो, हे तिथे कुणाला खरं वाटणार नाही. आणि घरी मी कंपनीत कसा वागतो ते सांगितलं, तर बायको हसते.

इगतपुरीला गेलो तो डॉक्टरांच्या सांगण्यावरून. बीपी वाढलं होतं. धम्मगिरीबद्दल, म्हणजे तिथल्या विपश्यना केंद्राबद्दल, आपल्याकडे सगळ्यांना अर्धंमुर्धं माहीत असतं. रेल्वेतून येता-जाता तो सोनेरी पॅगोडा दिसतो, नात्यातलं कुणीतरी जाऊन आलेलं असतं, कुणीतरी तिसऱ्या दिवशी पळून आलेलं असतं. ते केंद्र उभारणारे सत्यनारायण गोएंका हे मूळ मंडालेचे, १९२४ चा जन्म, व्यापारी माणूस. अर्धशिशीने हैराण होते, औषधांनी भागेना, म्हणून १९५५ मध्ये सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ध्यान शिकायला गेले. हे ऊ बा खिन म्हणजे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल. मला ही जोडी फार आवडते. एक हिशोब तपासणारा, एक हिशोब ठेवणारा, आणि दोघं मिळून सांगतात काय, तर श्वास जसा आहे तसा बघा, त्यात खाडाखोड करू नका. गोएंका १९६९ मध्ये भारतात आले आणि १९७६ पासून इगतपुरीत शिबिरं सुरू झाली.

पहाटे चारला घंटा. पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास. चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत शरीरावर उमटणाऱ्या संवेदना: खाज, मुंग्या, ऊब, ठणका. त्यांना उत्तर द्यायचं नाही, नुसतं पाहायचं. बाहेर घाटातलं धुकं खिडकीला टेकलेलं. सहाव्या दिवशी माझा डावा गुडघा इतका दुखला की मी मनातल्या मनात राजीनामा लिहिला, आणि मग तो ठणका माझ्या डोळ्यांदेखत (मिटलेल्या डोळ्यांदेखत म्हणा) बारीक बारीक तुकडे होऊन विरून गेला. खोटं सांगत नाही. माझ्या आयुष्यात इतकी अचूक मोजणी मी कुठल्याच जॉबची केली नव्हती.

तिथे एक गंमत झाली. रोज संध्याकाळच्या रेकॉर्ड केलेल्या प्रवचनात गोएंकाजी हिंदीत "राग और द्वेष" म्हणतात. मी चार दिवस समजत होतो की राग म्हणजे राग. माझाच विषय चाललाय म्हणून कान टवकारून ऐकत होतो. मग लक्षात आलं, तिथे राग म्हणजे आसक्ती, हवंहवंसं वाटणं. संस्कृतात आणि पालीत या शब्दाचा अर्थ रंगणं, ओढ. मराठीत मात्र तो शब्द थेट संतापाला चिकटला. आपण मराठी माणसांनी ओढीचं नाव भांडणाला का दिलं, देव जाणे. अनुरागात तो अजून मूळच्या जागी आहे. एकटा आला की डोळे वटारतो.

तर, डबा का आपटला?

आमच्याकडे एक नेहमीचा अनुभव आहे. नवी मशीन घ्यायची म्हणून व्हेंडरकडे जाऊन ट्रायल घ्यायची. तिथे शंभर पीस काढले, शंभर ओके. मशीन आपल्या शॉपवर आणून बसवली, पहिल्याच शिफ्टला एनजी, म्हणजे नॉट गुड. मशीन तीच, माणूस तोच, पण पाया वेगळा, हवा वेगळी, शेजारी प्रेस धडधडतोय. म्हणून शहाणा माणूस व्हेंडरकडच्या ओकेवर सही करतो, पण पेढे वाटत नाही. मी इगतपुरीच्या ओकेवर पेढे वाटले होते.

हे मी त्या रात्री गच्चीवर बसून म्हटलं, पण उंदरांनी ते माझ्या आधी सिद्ध करून ठेवलंय. पाव्हलॉवचे कुत्रे सगळ्यांना माहीत असतात: आवाज, मग खाणं, आणि काही दिवसांनी नुसत्या आवाजाला लाळ. त्याच्या पुढचा भाग शाळेत घाईत उरकतात. आवाज वाजवत राहिलं आणि खाणं दिलंच नाही, तर लाळ हळूहळू थांबते. सवय मोडली असं वाटतं. पण मध्ये थोडा काळ जाऊ दिला आणि पुन्हा आवाज केला, की लाळ परत हजर. म्हणजे जुनं शिकलेलं पुसलं गेलं नव्हतं, त्यावर नुसतं एक नवं शिकणं येऊन बसलं होतं. १९७९ मध्ये मार्क बाउटन आणि रॉबर्ट बोल्स यांनी याची आणखी एक गाठ सोडवली. उंदरांना एका पिंजऱ्यात एका खुणेची भीती घातली. मग दुसऱ्या, वेगळ्या दिसणाऱ्या पिंजऱ्यात तीच खूण पुन्हा पुन्हा दिली, शॉक न देता. भीती गेली. मग उंदरांना पहिल्या पिंजऱ्यात परत आणलं. भीती तिथेच बसलेली होती, जशीच्या तशी.

भीती शिकताना मेंदू जागेची फारशी अट घालत नाही; एकदा भाजलं की सगळीकडे जपतो. "आता धोका नाही" हे मात्र जागेसकट शिकतो: धोका नाही, *इथे*. मला हे वाचून पहिल्यांदा हायसं वाटलं. माझ्यात खोट नव्हती आणि शिबिरातही नव्हती. शांतता मी इगतपुरीत शिकलो होतो. राग राहतो नाशकात, पाथर्डी फाट्याजवळ, मोटारीच्या बटणापासून ओट्यापर्यंतच्या साडेचार पावलांत.

योगायोग म्हणजे त्याच १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन काबात-झिन यांनी जुनाट दुखण्यांनी वैतागलेल्या रुग्णांसाठी काही आठवड्यांचा एक वर्ग सुरू केला. ध्यान तेच, बरंचसं बुद्धाकडून आलेलं, पण मठ नाही आणि घर सोडून राहणं नाही. रुग्ण आठवड्यातून एकदा यायचे आणि रोजचा सराव घरी करायचे, जिथे त्यांचं दुखणं, त्यांची सासू आणि त्यांचे हप्ते होते. या वर्गातून पसरलेला माइंडफुलनेस हा आता कॉर्पोरेटवाल्यांनी चघळून चोथा केलेला शब्द आहे. आमच्या कंपनीतही एक मॅडम येऊन प्रोजेक्टरवर कमळ दाखवून गेल्या. पण घरी सराव करायचा, ही त्यातली व्यवहारी गोष्ट.

घरी काय करायचं, हा प्रश्न उरलाच. सकाळी अर्धा तास बसायला लागलो, पण सकाळी मला राग येतच नाही.

पहिली कामाची गोष्ट हाती लागली ती व्हाय-व्हाय करताना. डिफेक्ट आला की आम्ही पाच वेळा "का" विचारतो. राग का आला? मुलाने ऐकलं नाही म्हणून. पण बायको ऐकत नाही, तेव्हा डबा आपटत नाही. मग का? पाणी वाया गेलं म्हणून. पण नळ गळतो तेव्हा मी शांतपणे वायसर बदलतो. मग का? आवाज. पत्र्यावर सलग पडणाऱ्या पाण्याचा आवाज. मुलगा घरात दिसायच्या आधी, बटण चालू आहे की बंद हे कळायच्या आधी, गल्लीच्या तोंडाशीच मी पेटलेला होतो.

कानशिलांच्या आत, दोन्ही बाजूंना, बदामाएवढी एकेक गाठ असते. अमिग्डाला हे नावच ग्रीकमध्ये बदामाचं. जोसेफ लेडू यांनी उंदरांवर काम करून दाखवलं, की कानावर आलेला आवाज तिथे दोन वाटांनी पोचतो. एक वाट मेंदूच्या वरच्या थरातून, जिथे आवाज कशाचा आहे ते नीट ओळखलं जातं. दुसरी आडवाट, कच्ची पण झटपट, थेट. आडवाटेने आलेला निरोप अर्धवट असतो, पण तेवढ्यावर छाती धडधडू लागते, स्नायू आवळतात. हमरस्त्याने पूर्ण निरोप येईपर्यंत शरीर कामाला लागलेलं असतं. अमिग्डाला म्हणजे रागाचं बटण, अशी चित्रं मोबाईलवर फिरत असतात. लेडू स्वतः पुढे सांगत राहिले, की ही गाठ धोका हेरून शरीराला तयार करते, "मला भीती वाटतेय" किंवा "मी संतापलोय" ही जाणीव मेंदूत इतरत्र रचली जाते. माझ्या दृष्टीने यात मोठा दिलासा होता. म्हणजे आवाज आणि डबा यांच्यात काहीतरी *रचलं* जातं. जे रचलं जातं, त्याला प्रोसेस असते, आणि प्रोसेसमध्ये तपासणीला जागा सापडते.

मग मी एक बावळटपणा केला. टाकी मुद्दाम वाहू देऊन जिन्यात बसायचं ठरवलं. बायको म्हणाली, "पाणी वाया घालवून शांत होणार का तुम्ही? उन्हाळ्यात दिवसाआड येतंय." बरोबर होतं. तोडगा मुलाने काढला. पुढच्या वेळी टाकी वाहिली (वाहिलीच), तेव्हा त्याने मोटार बंद करायच्या आधी मोबाईलवर चाळीस सेकंद आवाज टिपला आणि मला पाठवला. खाली लिहिलं होतं: "पप्पा, प्रॅक्टिससाठी." ते वाचून मला जो काय राग आला, तो वेगळ्या प्रकारचा होता.

संध्याकाळी घरी आल्यावर, ओट्यापाशीच, प्लास्टिकच्या स्टुलावर बसून मी ते चाळीस सेकंद ऐकायला लागलो. इगतपुरीत शिकलेलं तेच करायचं, फक्त जागा ही. पहिल्यांदा ऐकताना अपेक्षा होती की कानशिलं तापतील. तापली. पण त्याच्या आधी, अगदी पहिल्या सेकंदाला, दुसरंच काहीतरी झालं. पोटात खड्डा पडला. आपण चोरी करताना सापडलो की जसा पडतो तसा. मी थांबवलं, मागे नेलं, पुन्हा ऐकलं. पुन्हा खड्डा. मग छातीत ऊब, मग जबडा, मग उजवा हात. क्रम रोज तोच. इतक्या वर्षांत मला राग फक्त जबड्यापासून पुढे माहीत होता.

त्या खड्ड्याला एक वास होता, आणि तो ओल्या मातीचा आणि करंजाच्या पाल्याचा होता. निफाड तालुक्यात आमचं घर. विहीर तीन भावांत, पाण्याची पाळी ठरलेली, वीज यायची रात्री. ठिबक तेव्हा नव्हतं, सऱ्यांनी पाणी द्यायचं. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. वडिलांनी, म्हणजे नानांनी, मला दारं धरायला, म्हणजे सरीत पाणी वळवायला, बांधावर बसवलं आणि ते खालच्या अंगाला गेले. मला झोप लागली. जाग आली ती आवाजाने. दारं फुटलं होतं आणि आमच्या पाळीचं सगळं पाणी ओघळीत कोसळत होतं. लांबून बॅटरीचा उजेड हलत हलत येत होता. नानांनी मला मारलं नाही. ते काही बोललेही नाहीत. हातातलं फावडं त्यांनी बांधावरच्या दगडावर आपटलं. त्या आवाजाने चुलत्यांची कुत्री भुंकायला लागली.

आता, चाळीस वर्षांपूर्वीच्या एका फावड्याने माझं आयुष्य घडवलं, असलं काही मी म्हणणार नाही. आठवण म्हणजे फोटो नव्हे. काढताना आपण तिला हाताचे ठसे लावतोच. २००० साली करीम नादर आणि लेडू यांच्या गटाने उंदरांत दाखवलं, की पक्की झालेली भीतीची आठवणसुद्धा जागी केली की काही काळ कच्ची होते आणि तिला पुन्हा पक्कं व्हावं लागतं. त्या वेळात अमिग्डालात विशिष्ट औषध सोडलं तर ती टिकत नाही. माणसांच्या बाबतीत हे इतकं सरळ दिसलेलं नाही, आणि माझ्याकडे औषधही नव्हतं, स्टूल होतं. पण रोज तोच आवाज, तोच खड्डा, आणि पुढे कुणी फावडं घेऊन येत नाही. बायको कुकर लावते. मुलगा विचारतो, "झालं का? चार्जर हवाय." आठवडाभराने खड्डा पडायचा तो उथळ पडायला लागला. भरला नाही.

दुसरी कामाची गोष्ट म्हणजे नावं. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात मॅथ्यू लिबरमन यांच्या गटाने २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एमआरआयमध्ये झोपलेल्या लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द निवडायला सांगितला, की अमिग्डालाची हालचाल उतरायची आणि कपाळामागच्या भागाची वाढायची. चेहऱ्याला नुसतं माणसाचं नाव जोडायला सांगितलं, तर तसं व्हायचं नाही. भावनेला नाव देणं हाच एक लगाम.

हे वाचलं आणि मला आपल्या भाषेचा अभिमान वाटला. नावांच्या बाबतीत आपण श्रीमंत आहोत. मी एका संध्याकाळी जुन्या जॉब कार्डाच्या पाठीवर यादी करायला बसलो आणि बायको येऊन बसली. संताप वेगळा, चिडचिड वेगळी. वैताग हा रागाचा थकलेला भाऊ; वैतागलेला माणूस डबा आपटत नाही, तो उघडून तसाच ठेवतो. चरफड आतल्या आत, बाहेर दिसते ती फक्त मान. तणतण ही चालता चालता करायची, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत. फणकारा अर्ध्या मिनिटाचा, त्यात मान झटकणं आलंच. "हा बायकांचाच का म्हणतात?" असं तिने फणकाऱ्याने विचारलं. धुसफुस दोन दिवस चालते आणि तिला प्रेक्षक लागतो. जळफळाट शेजाऱ्याने गाडी घेतल्यावर. आणि त्रागा! त्रागा म्हणजे समोरच्यावरचा राग स्वतःच्या अंगावर काढणं: "मीच मूर्ख, मीच सगळं बघायचं, मीच मरायचं." बायको म्हणाली, "तुमचा डबा म्हणजे त्रागा आहे. संताप नाहीच." मी वाद घालणार होतो. मग लक्षात आलं की डबा माझा होता, जेवण माझं होतं, वाटीसुद्धा मला दुपारी लागायची ती.

शब्दच काय, आपल्या म्हणण्यांतही जागा ठरलेल्या असतात: तळपायाची आग मस्तकात, पोटात गोळा, कपाळात तिडीक, छातीत धस्स, घशाला कोरड. आपल्या आज्यांना बॉडी स्कॅन, म्हणजे शरीरात कुठे काय होतंय ते बघणं, शिकवायची गरज नव्हती.

त्या दिवसापासून जॉब कार्डाच्या पाठीवर मी नोंद ठेवतो. वेळ, प्रकार, शरीरात कुठे, दुपारचं जेवण झालं होतं का. शेवटचा रकाना सहज घातला होता, पण तोच बोलका निघाला. ऑडिटच्या दिवशी जेवण हुकलं की संध्याकाळी नोंद हमखास. सातचा डबा दुपारी तीनलाच तयार होत असतो. हे शोधायला मेंदूविज्ञान लागत नाही. "आधी जेवून घ्या, मग बोला" हे बायको लग्नापासून सांगत आली आहे.

किती दिवसांत सवय बदलते, हे मला बरेच जण विचारतात, कारण कंपनीत आता हे कार्ड प्रसिद्ध झालंय. एकवीस दिवस म्हणतात ते सोडून द्या. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर अभ्यास केला होता. रोज एक साधी गोष्ट, जेवणासोबत पाणी पिणं वगैरे, अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८, तर कुणाला हिशोबाने २५४. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. आणि ही पाणी *पिण्याची* सवय होती. पाणी वाहिल्यावर न भडकण्याला किती लागतात, ते कुणी मोजलेलं माझ्या वाचनात नाही. तसंच ते "आठ आठवड्यांच्या ध्यानाने मेंदूची रचना बदलते" हे. आधीच्या काही छोट्या अभ्यासांत तसं दिसलं होतं; २०२२ मध्ये रिचर्ड डेव्हिडसन यांच्या गटाने जास्त माणसं घेऊन, जास्त काटेकोरपणे पाहिलं, तर आठ आठवड्यांत रचनेत तसा बदल सापडला नाही. क्वालिटीवाल्याला अशी बातमी वाचून बरं वाटतं. मेंदूची जाडी वाढली नाही म्हणून माझा डबा शाबूत राहिल्याचं खोटं ठरत नाही.

मधल्या काळात एका रविवारी सकाळी पांडवलेणीला चढून गेलो. घरातून डोंगर दिसतो, पण दोन-दोन वर्षं जाणं होत नाही. तिथल्या विहारांत भिंतीतल्या कोनाड्यासारख्या खोल्या आहेत, आत दगडी ओटे. शांत बसायला याहून चांगली जागा काय असेल, असं म्हणत एका खोलीत डोकावलो. मग दहाव्या लेण्यातल्या लेखाचं भाषांतर आठवलं. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे (संघांकडे) ठेवले. दोन हजार महिना एक टक्क्याने, एक हजार पाऊण टक्क्याने, आणि त्या दोन हजारांच्या व्याजातून वीस भिक्षूंना चिवरासाठी प्रत्येकी बारा. घर सोडलेल्यांचाही कापडाचा हिशोब दगडात कोरून ठेवावा लागला होता, आणि विणकर होते खाली गोवर्धनात. मला तो डोंगर एकदम घरगुती वाटायला लागला.

एप्रिलात निफाडला गेलो, खरड छाटणी चालू होती. द्राक्षाची बाग आता धाकटा भाऊ बघतो. सगळ्या जुन्या काड्या ओलांड्यापर्यंत, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीपर्यंत, कापलेल्या, मांडव उघडाबोडका, ऊन थेट खोडावर. दरवर्षी हे दृश्य बघून वाटतं, बाग गेली. भाऊ हसला. म्हणाला, "आत्ता फुटतील त्या काडीच्या डोळ्यात घड बसतो, उन्हाळ्यातच. तेव्हा आभाळ राहिलं, ऊन लागलं नाही, की काडी वांझ. मग ऑक्टोबरला गोडी छाटणीत कितीही भारी कात्री चालव." ऑक्टोबरच्या आधी काड्या लॅबमध्ये नेऊन डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून आणतात, घड कितव्या डोळ्यावर आहे ते बघून मग तिथे कापतात. मी त्याला म्हटलं, हे तर माझं कार्ड झालं. त्याला कार्ड माहीत नव्हतं. सांगितल्यावर म्हणाला, "नानांना दाखव."

नाना आता ब्याऐंशीचे आहेत. ओट्यावर खुर्ची टाकून बसतात. मी शेजारी बसलो होतो आणि औषध फवारायच्या टाकीत पाणी सोडलेलं होतं. गडी कुठेतरी गेला आणि टाकी भरून वाहायला लागली. माझ्या पोटात खड्डा. मी नानांकडे पाहिलं. त्यांची बोटं काठीच्या मुठीवर आवळली होती, नखं पांढरी पडली होती, आणि जबड्याचा तो स्नायू, जो मी आरशात रोज बघतो, तो थरथरत होता. बाकी चेहरा शांत. इतकी वर्षं मी फक्त फावडं पाहिलं होतं. फावड्याच्या आधी त्यांच्याही पोटात काही पडत असेल, हे कधी सुचलंच नव्हतं. तीन भावांतली पाळी, रात्रीची वीज, बँकेचं कर्ज. पाणी ओघळीत गेलं की पुढचे चार दिवस वेल तसेच.

"नाना, काय वाटतंय आत्ता?" मी विचारलं. असा प्रश्न आमच्या घरात कुणी कुणाला विचारलेला नाही.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी आजारी आहे का. "काय वाटायचंय? पाणी बंद कर जा."

मी जाऊन बंद केलं.

गेल्या मंगळवारची नोंद अजून कार्डावर चढवायची आहे. ऑडिट होतं, जेवण अर्धंच झालं होतं. गल्लीच्या तोंडाशी आवाज आला. खड्डा पडला, तो ओळखीचा. चालता चालता श्वास नाकाशी शोधला. सापडला, हरवला, पुन्हा सापडला. फाटक उघडलं. बूट काढले, हे मी मुद्दाम करतो, त्यात सात-आठ सेकंद जातात. बटण बंद केलं. डबा ओट्यावर ठेवला. ठेवला म्हणजे जरा जोरात ठेवला. मुलगा जिन्यात आला आणि तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हणालो, "दोन मिनिटं झाली असतील फक्त, माहितीये मला!" आणि टॉवेल खांद्यावर टाकून, मान झटकून, बाथरूमकडे निघालो.

मागून कणीक मळण्याचा आवाज थांबला.

"अहो," बायको म्हणाली, "आज कोणता लिहू?"

बाहेर पत्र्यावर उरलेलं पाणी एकेक थेंब पडत होतं. मी दाराशी थांबून जरा विचार केला.

"फणकारा," मी म्हटलं.